तारांचं निमित्त

१२ जानेवारी

बसवल्या! वरच्या दातांना आज, खालच्यांना पुढच्या महिन्यात. घरी आल्या आल्या आरशासमोर तोंड उघडून उभी राहिले. मोटारीची जाळीच! ज्या वयात बायका कवळीची चौकशी करतात त्या वयात मी तारा लावून घेतल्या.

डॉक्टरीण अगदी पोरसवदा आहे, पण हात हलका. म्हणाली, "हौस म्हणून नाही हो काकू, गरज म्हणून. वरचे-खालचे दात नीट बसत नाहीत, त्यात तुम्ही ते झोपेत घासता. बघा किती झिजलेत." मग म्हणाली, "डोक्याला काही ताण?" मी म्हटलं, "बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करते." हसली बिचारी.

निघताना हातात एक पुडकं दिलं. मेणाची चिमुकली डबी, एक वाकडा ब्रश, दुखणं थांबवायच्या गोळ्या. बाकी काय काय लागेल विचारणार होते, तर दारात पुढचा पेशंट. मनात आलं, आपल्याकडे विचारायला माणूस आहे की!

भिंगरीला फोन केला. तिच्या तारा गेल्या वर्षीपासून आहेत. मला त्या फोटोत दिसल्या होत्या, लावून झाल्यावर. एरवी आमचं बोलणं ठरलेलं — जेवलीस? हो. अभ्यास? चालू आहे. ठेवू? ठेव. आज किंचाळलीच — "आई! तू? तारा? फोटो पाठव, आत्ताच्या आत्ता!"

किती दिवसांनी तिच्या आवाजात असा उड्या मारणारा सूर ऐकला. दात ठणकतायत आणि मी एकटीच स्वयंपाकघरात हसतेय. हसल्यावर ओठ तारेला अडकतो. अडकू दे.

१३ जानेवारी

मेले! भाताचं शीत दगडासारखं लागतंय. सूप. पुन्हा सूप.

१४ जानेवारी

भिंगरीचा फोन. तिने *स्वतःहून* केला! हुकूम सुटले — "आई, मेण एका डबीने भागत नाही, तीन घे. एक घरात, एक पर्समध्ये, एक ऑफिसात. तार टोचली आणि मेण नसलं की मग रडशील. फटीतले ब्रश घे, बाटली धुवायच्या ब्रशासारखे दिसतात बघ, पण इवलेसे. छोटा आरसा. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, जेवणानंतर, आळस करायचा नाही. आणि सफरचंद चावायचं नाही! चिरायचं!"

"बरं बाई," म्हटलं.

"बरं बाई नाही. लिहून घे."

औषधाच्या दुकानात गेले. दात कोरायचा दोरा तारेखालून ओवायला प्लास्टिकची सुई मिळते हे आज कळलं. तोंडात शिवणकाम! दुकानदार म्हणाला, "लेकीसाठी का?" मी "हो" म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. परत येताना पिशवी छातीशी धरून आले. जणू खरंच तिच्यासाठी आणलं होतं.

१७ जानेवारी

तारा लावल्यापासून कामावर पहिला दिवस. माइकसमोर बसले आणि 'च'चा 'त्स' झाला, 'स'ची शिट्टी. चौकशीच्या खिडकीत बसणारे घड्याळकाका काच वाजवून म्हणाले, "बाई, माइकमध्ये साप शिरलाय का?" सगळा स्टाफ हसला. मीही हसले, तोंडावर हात ठेवून.

दुपारी भिंगरीच्या गावाच्या गाडीची घोषणा. रोज करते. रोज खिडकीतून बघते, ती गाडी लागते, भरते, निघते. ती बाबांकडे गेली त्याला तीन वर्षं झाली. आज तिच्या गावाचं नावसुद्धा नीट उच्चारता आलं नाही.

१८ जानेवारी

साहेबांनी बोलावलं. "जमत नसेल तर थोडे दिवस चौकशीला बसा." म्हणजे घड्याळकाकांशेजारी! मी म्हटलं, आठवडा द्या. दाताच्या कण्या केल्या. आहेत तोवर केलेल्या बऱ्या.

संध्याकाळी भिंगरीला सांगितलं. म्हणाली, "रोज मला म्हणून दाखव." आणि जागच्या जागी वाक्य रचून दिलं — 'साडेसातची साधी गाडी सहाव्या फलाटावरून सुटेल, चार चाकं सरळ, चालक चिडका.' दोघी म्हणत सुटलो. 'चिडका'शी मी दर वेळी फसायची आणि ती खिदळायची. मागून कुणीतरी तिला जेवायला हाक मारली. "आले मावशी!" म्हणाली. मग मला, "ठेवते."

मावशी म्हणजे तिच्या बाबांची बायको. मी मनात 'नवी' म्हणते. नवी कसली, पाच वर्षं झाली त्यांच्या लग्नाला.

२५ जानेवारी

माइक राहिला! साहेब म्हणाले, कळतंय सगळं, थोडं गोड वाटतं इतकंच. घड्याळकाका — "गोड? अहो, प्रवासी गाडी सोडून ऐकत उभे राहतायत."

२९ जानेवारी

आज एक लबाडी केली. गुळण्यांना मीठ किती, मला माहीत आहे. तरी विचारलं. तिने नीट समजावलं, अर्धा चमचा, पाणी कोमट, कढत नाही. "कळलं?" "पुन्हा सांग ना." पुन्हा सांगितलं! असे चार-सहा प्रश्न मी शिल्लक ठेवलेत. एका दिवशी एकच काढायचा. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझं मात्र सध्या त्याच्यावरच चाललंय.

९ फेब्रुवारी

खालच्याही लागल्या. जीभ कुठे ठेवू कळत नाही.

बोलता बोलता भिंगरीला विचारून बसले, "तुला पहिल्या दिवशी खूप दुखलं होतं का गं?"

"खूप! मी जेवलेच नाही. मग मावशीने बटाटा कुस्करून, दूध घालून, चमच्याने भरवला. बाळासारखा! मी इतकी मोठी!" आणि हसली.

मीही हसले. "छान केलं मावशीने," म्हटलं. फोन ठेवल्यावर बटाटा उकडला, कुस्करला, दूध घातलं. खाल्ला. खूप चांगला लागतो. डोळ्यांतून पाणी काढलं त्या बटाट्याने.

नवीचा राग येत नाही, हीच पंचाईत. वाईट असती तर बरं झालं असतं.

१० फेब्रुवारी

कालचं डोक्यातून जात नाही. मी तिला बाबांकडे पाठवलं तेव्हा माझी दुपारपासूनची पाळी होती. पोर शाळेतून येऊन दाराला आतून कडी लावून बसायची, मी परत येईपर्यंत. तिकडे माणसांनी भरलेलं घर, शाळा कोपऱ्यावर, पोहायचा तलाव. शहाणपणाचं होतं. सगळे म्हणाले, शहाणपणाचं आहे. वर्षभर बघू, असं ठरलं होतं. वर्षानंतर तिचे बाबा म्हणाले, रुळलीय, कशाला हलवता? मीही म्हटलं, खरंय.

आता माझी पाळी सकाळची आहे. दुपारी तीनला घरी असते. घर आवरलेलं असतं. आवरलेलंच राहतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सकाळी मागची तार सुटून गालात घुसली. रक्त! दवाखाना बंद. भिंगरीला फोन केला, खरोखरच घाबरून. "व्हिडिओ लाव," म्हणाली. "उजेडात जा. खिडकीपाशी. तोंड उघड. मोठं! आई, एवढंसं काय उघडतेस, घोषणा नाही करायची!"

मग डॉक्टरणीसारखं एकेक सांगत गेली. टिश्यूने जागा कोरडी कर. पेन्सिलच्या खोडरबराने तार हळूच दातांकडे दाब. आता मेण, वाटाण्याएवढं, बोटात मळ, मऊ झालं की चिकटव. माझ्या हातून मेण दोनदा खाली पडलं. "घाई नाही," ती म्हणाली. "मी आहे ना."

मी आहे ना. हे वाक्य तिने माझ्याकडूनच उचललंय. लहानपणी तिच्या गुडघ्यावर औषध लावताना मी म्हणायची.

टोचायचं थांबलं. तोंड मिटणार, तेवढ्यात म्हणाली, "थांब. तुझे पुढचे दात असे सपाट का झालेत?"

"झोपेत घासते म्हणे."

"कधीपासून?"

काय सांगणार? "आठवत नाही गं," म्हटलं.

ती बघतच राहिली. स्क्रीनवर तिचा चेहरा केवढा मोठा, केवढा जवळ. भुवई आता माझ्यासारखी झालीय. गालावर एक पुटकुळी. मला ती पुटकुळी हाताने चाचपून बघावीशी वाटली. इतकी साधी गोष्ट! आणि मधे पाच तासांचा रस्ता.

३ मार्च

तिचा मेसेज, शेवटी उद्गारचिन्हांची रांग — तारा निघाल्या! फोटोत दात पांढरेशुभ्र, सरळ. गोड दिसतेय माझी बाय. पाठीमागे नवी उभी, तिच्या खांद्यावर हात ठेवून.

मी लिहिलं, "अभिनंदन!" सोबत हसणारे तीन चेहरे.

आता विचारू काय?

१५ मार्च

तिची परीक्षा. फोन नाही. बरोबरच आहे.

१९ मार्च

माझ्या माझ्या गुळण्या, माझे माझे ब्रश. आता सगळं येतं मला. आरशाशिवाय दोरा ओवते. डॉक्टरीण म्हणाली, "इतकं स्वच्छ ठेवणारा पेशंट पाहिला नाही, कुणी शिकवलं?" "लेकीने," म्हटलं. या वेळी तरी खोटं नव्हतं.

स्टँडवर आज तिच्याएवढ्या मुली सहलीला निघाल्या होत्या. एकीची आई खिडकीतून डबा देत होती, मुलगी लाजून "जा ना आई आता!" म्हणत होती. मी घोषणा दोनदा केली. गाडी तरी सुटू दे एकदाची.

२ एप्रिल

परीक्षा संपली असेल. मी फोन हातात घेते, ठेवते. परवा एक मेसेज लिहिला — मेणाची कुठली कंपनी चांगली? तीन डब्या कपाटात पडल्यात! पुसून टाकला. माझीच लाज वाटली.

मिस यू वगैरे लिहायला आम्हाला कधी जमलंच नाही. आमच्या घरात मायेचं भाषांतर 'जेवलीस का'मध्ये व्हायचं.

९ एप्रिल

नवीचा फोन आला! तिने मला कधीच फोन केला नव्हता. म्हटलं, "भिंगरी बरी आहे ना?"

"बरी आहे, ताई. घाबरू नका." मग म्हणाली, "एक सांगू का? तुम्हाला आवडेल की नाही माहीत नाही."

"सांगा."

"तुमचा फोन आला की ती गच्चीत जाते. दार लावून घेते. मला खिडकीतून दिसतं — हातवारे करत बोलते, हसते. आमच्याशी अशी नाही बोलत. मला... खरं सांगते, मला हेवा वाटायचा. आता महिनाभर फोन नाही. रोज संध्याकाळी ती गच्चीत जाते, फोन घेऊन, आणि नुसती बसून परत येते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी तिला म्हटलं, तूच कर. तर म्हणते, आईचं काही काम निघालं तर करेल ती." मग म्हणाली, "तुमचं काही काम काढा ना, ताई."

मी तिला धन्यवाद म्हटलं. आणि म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही तिला बटाटा भरवलात, ते सांगितलं तिने मला." पलीकडे नवी रडायला लागली. मग तिनेच, "बरं, ठेवते हं," म्हणून ठेवला.

१० एप्रिल

दिवसभर कामं काढत बसले. खालची तार टोचते म्हणू? ब्रश संपलेत म्हणू? घड्याळकाका म्हणाले, "बाई, आज बाराची गाडी चारदा सोडलीत."

११ एप्रिल

तिला फोन लावला. "आई? काय झालं? तार सुटली?"

"नाही. सगळं ठीक आहे. काही काम नाही." मग एका श्वासात म्हटलं, "भिंगरे, मला तू इथे हवी आहेस. येशील राहायला?"

पलीकडून अगदी हळू, लहानपणीच्या आवाजात —

"तू बॅग भरलीस तेव्हा मला वाटलं, तुला मी नको आहे. मी वाट बघत होते ना, आई. कधी बोलावतेस म्हणून."