शेवटचं रीळ

तात्या,

आपलं थिएटर गुरुवारी पाडणार आहेत. मालकांचा मुलगा काल इंदापूरला येऊन स्वतः सांगून गेला. पडद्यामागच्या आपल्या दोन खोल्याही त्यातच जाणार. त्यानं वाकून नमस्कार केला, आईनं त्याला चहा दिला आणि म्हणाली, "पाडा की. मी हाय हितंच."

बारामतीत मी खोल्या बघून ठेवल्या आहेत. तिथल्या वर्तमानपत्रात लागल्यापासून रोज एसटीनं जाते-येते. सकाळी निमगाव केतकी, अंथुर्णे, बारामती. संध्याकाळी तेच उलटं. पुण्याच्या कचेरीतून बोलावणं आलं होतं, गेले नाही. आई इथून हलत नाही. तुम्ही गेल्यापासून ती दिवेलागणीला दार सताड उघडते आणि जेवणं होईपर्यंत लावू देत नाही. "ते आलं तर बंद दारावर धडका मारत्याल व्हय?"

हे तिनं तुमच्या त्या आवडत्या सिनेमातून उचललंय. नवरा मरतो, बायको रोज दार उघडं ठेवते, तो अंगणात येऊन उभा राहतो. दर उन्हाळ्यात तुम्ही तो मागवायचात. आई बायकांच्या बाजूला बसून डोळे पुसायची, पण तुम्ही वर मशीनवर शेवटचं रीळ चढवलंत की उठायची. तुम्ही खाली याल तेव्हा तव्यावर भाकरी फुगलेली पाहिजे. मग तुम्ही ताटावर बसलात की विचारायची, "काय झालं ओ शेवटाला?" तुम्ही भाकरी मोडत म्हणायचात, "व्हायचंय काय? आला की घरात. बसला जेवायला. तिच्या हातचं सोडून जातोय कुठं?" ती लाजायची. दरवर्षी तोच प्रश्न आणि तेच उत्तर.

मी शेवट पाहिला होता. त्या मेलेल्या नवऱ्याला उंबरा ओलांडता येत नाही आणि अंगणही सोडवत नाही. ती बाई स्वतःच्या हातानं दार लावते, तेव्हा कुठं तो सुटतो. तुमच्या जेवतानाच्या थट्टेत आम्ही दोघी अडकून पडलोय, तात्या. कदाचित तुम्हीही.

आज दुपारी मोबाइलवर तो सिनेमा सापडला. म्हटलं, आईनं शेवट बघितला की येईल माझ्याबरोबर. आई रडली, हसली, नायिकेला "पदर सावर की बाई" म्हणाली. पडद्यावरची बाई दाराकडे निघाली. या वेळी आई उठली नाही. भाकरी कुणासाठी टाकायची? तिचा चेहरा बघितला आणि मीच मोबाइल काढून घेतला. "बॅटरी संपली."

"मग सांग तरी, काय झालं?"

"आला की घरात."

"ह्याच घरात?"

"ती जाईल त्या घरात."

आई म्हणाली, "तितलं दार रस्त्याकडं हाय का, बघून ये आधी."

टेम्पो बुधवारी सकाळी येईल. दार रस्त्याकडेच आहे. खोल्या बघायला गेले होते, तेव्हा मी पहिल्यांदा तेच बघितलं होतं.