उपोषणातलं भजं

बोरटाकळी, ता. १२

ती. सुंदरराव दाजींच्या चरणी रामप्रसादचा दंडवत. उज्ज्वलाअक्काला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. दाजी, तुमचा गुडघा आता कसा हाय? शेकताना मीठ जास्त गरम करू नका. इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. (टीव्हीवर दाखवलं तितके बदनाम नाही.) अक्कानं परवा “माहेरचं नाक कापलंस” एवढंच म्हणून फोन ठेवला, म्हणून हे पत्र. तिला मोठ्यानं वाचून दाखवा.

आपल्या नदीवरचा पूल वाहून गेला, त्याला दोन पावसाळे झाले. यंदा भादव्यात ख्वाजा मेकॅनिकची सून गौसिया अडली. नदी फुगलेली. शेवटी गूळ शिजवायच्या भल्यामोठ्या काहिलीत बसवून आम्ही चौघांनी पोहत तिला पलीकडं नेलं, आणि काठाला लागताच उसाच्या फडात ती बाळंत झाली. पोरगी झाली, ठणठणीत हाय. पण पुढच्या बाईचं नशीब एवढं चांगलं असंल याची हमी कोण देणार? म्हणून आम्ही पाच जण बीडला कलेक्टर कचेरीसमोर आमरण उपोषणाला बसलो. त्यात एकाहत्तर वर्षांचे विठ्ठलरावही. (नको म्हणालो, तर म्हणाले, तुम्हा पोरांचं वजन पडत न्हाई. दाजी, मी अठ्ठेचाळीसचा हाय.)

तीन दिवस आमच्याकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही. चौथ्या दिवशी युवराज नावाचा वार्ताहर कॅमेरेवाल्याला घेऊन आला. मी काहिलीची हकिगत सांगितली. त्यानं विचारलं, व्हिडिओ आहे का? नाही म्हणालो. (दोन्ही हात काहिलीला होते, मोबाइल काय दातात धरायचा?) तर म्हणाला, मग त्या ताईंना पुन्हा एकदा काहिलीत बसवता येईल का, पोटाला उशी बांधून? ख्वाजाभाई शेजारीच बसले होते. ते शांतपणे म्हणाले, “तुमीच बैठो बेटा, मैं ढकलतूं.”

तेवढ्यात विठ्ठलराव चक्कर येऊन पडले. आमच्या मंडपाशेजारी यासीनची रिक्षा उभी असते. तो बिचारा दुपारचं खात होता; त्यानं हातातली भज्यांची प्लेट माझ्या हातात कोंबली आणि म्हाताऱ्याला उचलायला धावला. मी चार दिवसांचा उपाशी, एका हातात प्लेट, दुसऱ्या हातानं विठ्ठलरावांना वारा घालतोय. इतका वेळ जांभया देणारा कॅमेरेवाला एकदम ताठ झाला. म्हणाला, “आजोबांना जरा बाजूला घ्या, भजी दिसत न्हाईत.”

विठ्ठलराव दवाखान्यात सलाइनवर आणि मी साऱ्या महाराष्ट्राच्या दिवाणखान्यात. ‘उपोषणात भजी!’ प्लेटभोवती लाल गोल, मागं युद्धाचं संगीत. संध्याकाळी आठ खिडक्यांत आठ माणसं भांडत होती. एक आहारतज्ज्ञ, एक निवृत्त फौजदार, एक ज्योतिषी (माझ्या पत्रिकेत अन्नावर राहूची दृष्टी हाय म्हणे, पत्रिका माझ्याकडंसुद्धा नाही). माझ्या ओठावरची चकाकी तेलाची की घामाची, यावर वीस मिनिटं गेली. मग मला फोनवर घेतलं. निवेदक ओरडला, “फक्त हो की नाही सांगा, भजं कांद्याचं होतं का?” मी म्हणालो, साहेब, आमचा पूल... तो म्हणाला, “म्हणजे तुम्ही नाकारत नाही!” आणि फोन कापला. दोन दिवस हे चाललं. त्यांच्या तोंडी पूल हा शब्द एकदाच आला, तोही ज्योतिषी ‘भवसागरावरचा पूल’ म्हणाला तेव्हा.

सहाव्या दिवशी कलेक्टर साहेबांनी आत बोलावलं. मला वाटलं, झालं काम. साहेब म्हणाले, पुलाचं पत्र तयार होतं, पण उपोषण खरं की खोटं याची आता चौकशी लागली; ती होईपर्यंत सही करता येत नाही. तिकडं दवाखान्यात विठ्ठलरावांनी सलाइन काढायला लावली होती, हट्टानं परत मंडपात यायला निघाले होते. त्यांच्यासाठीच आम्ही लिंबूपाणी घेतलं आणि उठलो. त्या वेळी कॅमेरा नव्हता. घरी येताना नदी आम्ही पोहूनच ओलांडली. विठ्ठलरावांना मधे धरून आणलं.

दाजी, देवाशपथ सांगतो, मी भजं खाल्लं नाही. एवढं अक्काला पटवा.

आपला,
रामप्रसाद

ता. क. : त्याच चॅनेलवरून काल फोन होता. शुक्रवारी कुण्या नटीच्या घटस्फोटावर चर्चा हाय, ‘ग्रामीण भागाचा संताप’ म्हणून मला बोलावलंय. मी ठणकावून सांगितलं, पुलावर बोलू देणार असाल तरच येतो. ते म्हणाले, जाहिराती लागल्या की खुशाल बोला. मी हो म्हणालो. तरी तुमचा साखरपुड्यातला निळा कोट लगोलग पाठवावा. पत्राचं मुख्य कारण तेच.

ता. क. दुसरा : जाहिराती लागल्यावर आपला आवाज बाहेर जात नाही, असं वैष्णवी (आपली धाकटी) आत्ता सांगतीय. तरी कोट पाठवाच.