खोटी हळद

नागरा,
१२ एप्रिल २०२५

ति. योगराजदादास, दुर्गेश्वरीचा नमस्कार.

घरी सगळं ठीक आहे. उन्हाळी धान निसवलंय. टिकेशच्या घरून आमच्या लग्नाला अक्षय तृतीयेचा मुहूर्त पक्का झाला. फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोनवर तू मीटिंगमध्ये असतोस, आणि मी बोलले की आई शेजारून ऐकते.

मार्गशीर्षात अंगणात घातलेल्या त्या मांडवाचे फोटो तू पाहिलेस. तुमच्या खात्याची माणसं आपली पोवारी बोली रेकॉर्ड करायला आली होती. परदेशी कंपन्या आपल्या बोली नेतील आणि आपल्यालाच विकतील, म्हणून देशाचा आवाज देशाच्याच यंत्रात हवा, असं तू समजावलंस. मला पटलं. अजूनही पटतं. आईने गोष्टी सांगितल्या, भांडणंसुद्धा करून दाखवली. हळदीचं गाणं मागितलं तशी मात्र अडून बसली. "मांडव नाही, नवरी नाही, अना हळदीचा गाना कायले म्हणू? अपशकुन करता का?"

तेव्हा फोनवरून तोड तूच काढलीस. मांडव घाला, दुर्गेश्वरीला बसवा! जांभळाच्या डहाळ्या आल्या, मला पाटावर बसवून हळद लावली आणि आई गायली. खरंच सासरी निघाल्यासारखं वाटून मी रडले. शेजारची धुरपताकाकू तावातावाने आली. "काऊन वो, पोरीची हळद लागून राहिली अना आमाले आवतनच नाही?" शेवटी गल्लीला जेवू घालावं लागलं. किती हसलो होतो आपण.

दादा, आता नीट ऐक. आईचा घसा बसलाय असं मी फोनवर सांगत आले, ते खरं नाही. होळीच्या आधी तिला अर्धांगाचा झटका आला. एक हात बरा आहे, वाचा गेली. दवाखान्यात तिने तुझ्या फोटोवर बोट ठेवून मान हलवली, त्याला सांगू नको म्हणून. तू तेव्हा याच धोरणाच्या बैठकीला परदेशी निघाला होतास. मी ऐकलं तिचं. रोज तुझ्याशी खोटं बोलायचं आणि तिच्या तोंडाकडे बघायचं, जीव नकोसा झाला होता.

आता माझ्या हळदीला गाणार कोण? आपल्या घरचं गाणं फक्त आईला येतं. मला दोन ओळींपुढे काही आठवत नाही. मी तुमच्या खात्याकडे रेकॉर्डिंग मागितलं. उत्तर आलं, हा आवाज आता राष्ट्रीय संपत्ती आहे, व्यक्तीला देण्याची तरतूद नाही. अरे, ती व्यक्ती तिची मुलगी आहे! परक्यांनी नेलं असतं तर शिव्या तरी घातल्या असत्या. आपल्याच माणसांशी कसं भांडायचं? म्हणून तुझ्याशी भांडते. त्या धोरणाचा मसुदा तूच लिहितोस ना? देशाचं देशात राहावं हे लिहिलंस, ज्याचं त्याला मिळावं हे कुठे लिहिलंस?

परवा टिकेश आला. तुमच्या खात्याचं सरकारी अ‍ॅप आता पोवारी बोलतं म्हणाला आणि फोनवर लावलं. उद्या पाऊस नाही, असं आईच्या आवाजात ऐकू आलं. आईने कोण आलं म्हणून दाराकडे पाहिलं. मग तिने ओळखलं आणि वाकड्या ओठांनी हसली. त्या हसण्याने आमची हिंमत वाढली. मला येणाऱ्या दोन ओळी टिकेशने त्यात टाइप केल्या. यंत्राने त्या वाचल्या, पाऊस नाही म्हणालं होतं तशाच.

आईने फोन ओढून उशीखाली दाबला. बंद पडेपर्यंत हात काढला नाही.

तेव्हापासून ती अंगणातल्या त्या जागेकडे बोट दाखवते आणि स्वतःच्या तोंडावर हात ठेवते. खोटी हळद लावली म्हणून वाचा गेली, असं तिला वाटतं. डॉक्टरांनी सांगून झालं, मी सांगून झालं, ऐकतच नाही. खऱ्या मांडवात तिचं ते गाणं वाजलं तर कदाचित तिचा हात खाली येईल. दुसरं काही मला सुचत नाही, आणि मला भीती वाटते रे.

आहेर नको, साडी नको. गाणं घेऊन ये. नियमात बसत नसेल तर नियम बदल, तेच तुझं काम आहे. नाहीच मिळालं तर रिकाम्या हाताने ये, पण आईसमोर बसून ते तुझ्या तोंडाने सांग. मी सांगणार नाही. मांडव त्याच जागी घालते आहे.

एकदा खोटी हळद लागलेली, खरीसाठी थांबलेली
तुझी
दुर्गेश्वरी