पोलादाला लोखंड

३ जुलै
पोचले एकदाची! नारीन शहरापासून चार तास धक्के खाल्ले, पण गाव बघून शीण गेला. बुरुल आपा मोठी गोड म्हातारी, दात तीनच. तिने आल्या आल्या किमिझचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा पुढे केला आणि बिश्केकात पोरींना उपाशी ठेवून डॉक्टर करतात का गं, असं विचारलं. माझा प्रबंध कोशोकवर, म्हणजे मयतावर बायका गातात त्या विलापावर. आपासारखी गाणारी या भागात दुसरी नाही. तिचा एक तरी अखंड विलाप मिळाल्याशिवाय तिसरं प्रकरण उभं राहत नाही, आणि प्रबंध एक ऑगस्टला द्यायचाय. माझा नवरा तेमिर फोनवर म्हणतो, डॉक्टरीणबाई, तिकडे कुणी मरत नसेल तर मी येऊन आडवा पडू का? मेला टॅक्सी चालवतो तशीच जीभ चालवतो.

८ जुलै
आपा गायलाच तयार नाही. मेल्याशिवाय रडायचं कसं, म्हणते. पाच दिवस तिच्या गायींचं शेण काढलं. शेवटी थाप मारली, माझा चुलता वारला, नाव बोलोत. मला चुलताच नाही. नसलेल्या माणसाचं काय वाकडं होणार? आपा भिंतीकडे तोंड करून बसली. ओळी चारच, पण एकेक ओळ वळवत, लांबवत अर्धा तास गायली. माझी नजर ध्वनिमुद्रण यंत्राच्या दिव्यावर, शब्दांकडे लक्ष कुठलं! पण सगळं ध्वनिमुद्रित झालं. लबाडी केली, कामाची केली.

१४ जुलै
स्वरलेखन सुरू. ओळ तीस-तीस वेळा ऐकावी तेव्हा कागदावर उतरते. पहिली ओळ: पाय तुझे गार झाले. गंमत म्हणजे नाव बोलोत नाहीच, तेमिर आहे! आपाला विचारलं तर ती चक्क लाजली. बोलोत तिच्या सासऱ्याचं नाव, सुनेनं ते तोंडानं घ्यायचं होय? पोलादाला लोखंड म्हटलं, म्हणाली, एवढ्यानं तुझा चुलता काही रागवायचा नाही. खरंच, बोलोत म्हणजे पोलाद, तेमिर म्हणजे लोखंड. पोट धरून हसले. तेमिरला सांगायला फोन केला, तर तो भर उन्हाळ्यात दोन-दोन मोजे घालून बसलेला.

१९ जुलै
दुसरी ओळ: हातातून लगाम सुटला. आज उतरवून झाली. दुपारी तेमिरची गाडी झाडावर गेली. वाचला, पण बोटं मिटत नाहीत. योगायोग. असंच लिहिते.

२३ जुलै
तिसरी ओळ डोळ्यांची. लावू नये असं वाटत होतं. लावली. संध्याकाळी सासूबाई फोनवर रडत होत्या. त्याला दिसत नाही —
आपाला खरं सांगून टाकलं. तिने हात उगारला. जित्या माणसावर रडवलंस मला? चौथी ओळ श्वासाची आहे, पूस ते सगळं, म्हणाली. कुणी ऐकलं नाही की विरेल, डोळेही येतील त्याचे.

२४ जुलै
पुसलं नाही. तीन ओळींवर पदवी कोण देतं? पाच वर्षं घातलीत मी — आपाला दुसरा विलाप गा म्हटलं. आपाने दार लावून घेतलं.

२६ जुलै
चौथी राहिलीय. श्वासाची. बाकी प्रबंध तयार.
तेमिर म्हणाला, टाळ्या वाजवता आल्या नाहीत तरी तुझ्या समारंभाला पहिल्या रांगेत बसणार. फार रडले. पुसते म्हटलं. खरंच पुसणार होते —

२७ जुलै
तीस वेळा नाही. एकदाच. एकदा ऐकून कुणी मरत नाही. माझा कान तयार आहे —
चार स्वर आले. सासूबाईंचा फोन. आत्ता नको, सूर जाईल. पाचवा खाली उतरतो — परत फोन — सहावा —
फोन वाजायचा थांबला. शेवटचा स्वर निसटला. पुन्हा एकदाच ला—