हवा लागते

माय, मागच्या महिन्यात डॉक्टरांनी माझं पोट हवेनं भरलं. ऐकून तू कपाळाला हात लावला असतास. खरंच सांगते. जठरामागे स्वादुपिंड असतं, त्याच्या टोकाला गाठ निघाली, तुझ्या पोटात गाठ होती त्या जागेपासून फार लांब नाही. हैदराबादला त्यांनी पोट फाडलं नाही. लहान लहान भोकं पाडली, नळ्यांना फिरायला जागा व्हावी म्हणून आत वायू सोडून पोट फुगवलं, आणि डॉक्टरांनी बाजूला बसून यंत्राचे हात चालवले. त्यांनी हे आधी समजावून सांगितलं तेव्हा मला चिचगडच्या घरातली आपली तेव्हाची चूलच दिसत होती.

मोहाचा हंगाम संपत आलाय. नागपूरच्या डॉक्टरांनी तुला ऑपरेशन सांगितलंय, आणि तू चुलीपुढे बसली आहेस, पोटात हवा शिरू नये म्हणून बाळंतिणीसारखी लुगड्याची पट्टी बांधून. मागून ती मीच आवळून दिली आहे.

"पोट फाडलं का हवा लागते," तू म्हणतेस. "हवा लागली का रोग आंगभर पसरते. मी नाही जात."

"कोनं सांगतलं तुले?"

"सांगाले कायले पायजे? साऱ्यायले माहीत आहे. दार लाव आधी, काऊन उघडं ठेवून राहिलीस?"

मी दार लावलं. पावसाळ्याआधीच तू गेलीस.

ऑपरेशन करूनही तू वाचली असतीस की नाही, कोण जाणे. डॉक्टरांनीही तेव्हा फार भरवसा दिला नव्हता. तरी देवरीच्या शाळेत हवेचा धडा शिकवायची वेळ आली की मला तुझा राग यायचा. हवेनं असलं काही होत नाही, हे मी मुलांना जरा जास्तच ठासून सांगायचे. पोरं बिचारी घाबरून माना डोलवायची.

ऑपरेशननंतर पोटापेक्षा माझा खांदाच जास्त दुखला. आत उरलेल्या वायूनं दुखतो म्हणे, मग तो वायू आपोआप जिरतो. नर्स म्हणाली, "घर का कोई है तो सेंकने को बोलो." घरचं कुणी नव्हतं. सोबत आलेल्या शाळेतल्या बाई रजा संपली म्हणून परतल्या होत्या. शेजारच्या खाटेवर सासू-सून तेलुगूत कडाकडा भांडत होत्या, आणि मला त्यांचा हेवा वाटला. पुढे रिपोर्ट आला: गाठ सावकाश वाढणारी होती, पूर्ण निघाली. ते ऐकल्यावर मला तू हवी होतीस, माय, दुसरं कुणी नको होतं.

आता देवरीच्या खोलीत आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. बाहेर उकाडा आहे आणि मी, हवेचा धडा शिकवणारी बाई, दार-खिडक्या लावून बसले आहे. पेटीतून तुझ्या लुगड्याची ती पट्टी काढून पोटाला बांधली आहे. पण ती आवळायला मागून दुसऱ्याचा हात लागतो. माझी सैलच बसली आहे.