समजून द्यायचा ड्रमसेट

नाहूर,
बुधवार, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

आदरणीय धोंडिराम मामा,

नाहूरहून तुमचा भाचा प्रबुद्ध याचा सविनय जय भीम. इकडे सगळे ठीक आहेत, आईचे गुडघे सोडून. ते ठीक असल्याचं मला आठवतच नाही. तुमची शुगर, बार्शीचं पाणी आणि मामींचा आवाज या तिन्ही गोष्टी आटोक्यात असतील अशी आशा करतो. आजच्या काळात पत्र कसलं लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. पण मागच्या महिन्यात मी फोनवर ओरडून ओरडून ‘ड्रम घ्यायचाय’ म्हणालो, तेव्हा तुम्ही मला निळा घे, झाकणाचा घे आणि गच्चीत सावलीत ठेव म्हणजे पाणी टिकतं, असा सल्ला दिलात. (सल्ला उत्तम होता. आम्ही तसा एक घेतलासुद्धा.) पण माझा प्रश्न वाजवायच्या ड्रमचा होता. म्हणून हे पत्र. आणि एक विनंती आधीच करून ठेवतो, वाचून झालं की हे पत्र फाडून टाका, मामींच्या हाती लागू देऊ नका. कारण पुढे येईलच, आणि ते आलं की मी न सांगताही तुम्ही फाडाल.

तर झालं असं, की आमच्या निधीला चौदावं लागलं आणि तिच्या अंगात तुम्ही शिरलात. घरातला एकही स्टीलचा डबा तिने सरळ ठेवलेला नाही. मुलुंडला नितेश सर म्हणून ड्रम शिकवतात, त्यांच्याकडे ती सहा महिने जाते आहे आणि आता म्हणते, घरी स्वतःचा सेट पाहिजे. तिच्या आईने, संघमित्राने, आधी विचारलं, ठेवणार कुठे? मी म्हटलं, जेवणाच्या टेबलाच्या जागी. मग जेवायचं कुठे? यावर मी टेप घेऊन खोली मोजायला लागलो, तेव्हा तिने पंधरा हजारांची मर्यादा घालून विषय मिटवला. (तिच्या घरात प्रश्न मिटतात ते असे, उत्तर न मिळता.) नवीन चांगला सेट पंधरात येत नाही. आणि नेमकं त्याच आठवड्यात वाकोल्याहून शकुमावशींचा निरोप आला की चाळ पाडायला घेतलीय, महिनाअखेरीला खोली रिकामी करायची, मिळणारी तात्पुरती खोली काडेपेटीएवढी. तेव्हा जयवंतदादांच्या ‘नवदीप ऑर्केस्ट्रा’चा ड्रमसेट कुणी घरचं माणूस नेत असेल तर न्यावा, नाहीतर भंगारवाला आहेच.

मामा, ज्या सेटवर तुम्ही अकरा वर्षं हात चालवलात, चौदा एप्रिलच्या आसपास एकेका रात्री दोन-दोन वस्त्यांमध्ये भीमगीतांना ठेका धरलात, तो भंगारात जाणार म्हटल्यावर मी अर्धा दिवस रजा टाकून वाकोला गाठलं. आईही आली, गुडघ्यांसकट. सेटची अवस्था सांगतो, बसून वाचा. लाल चमकीचा कागद निम्मा सोलून गेलाय. मोठ्या ड्रमच्या तोंडावर ‘नवदीप’ लिहिलेलं, त्यातला ‘व’ आणि ‘प’ झिजल्यामुळे आता तो ‘नदी ऑर्केस्ट्रा’ झालाय. एका पायाच्या जागी क्रिकेटचा स्टंप कापून लावलाय, पेडलची स्प्रिंग जाऊन तिथे सायकलच्या ट्यूबचं रबर आलंय, मोठ्या झांजेला काठावर चीर आहे (त्या चिरेबद्दल शकुमावशी म्हणतात ती तुम्ही पाडली, तो विषय काढायला मी गेलो नव्हतो). आणि मोठ्या ड्रमच्या पाठीवर चार खोलगट खुणा आहेत, कारण शकुमावशींचे जयवंतदादा गेल्यावर बारा वर्षं त्याच्यावर टीव्ही होता. नवरा गेला, ऑर्केस्ट्रा गेला, तरी बाईंनी ड्रम विकला नाही, त्याच्यावर टीव्ही ठेवून रोज त्याच्याकडे तोंड करून बसल्या. हे ऐकून मी मूर्खासारखा एकदम मुद्द्यालाच हात घातला. विचारलं, मावशी, किती द्यायचे? त्या म्हणाल्या, ‘तू काय परका आहेस काय रे? समजून दे.’

मामा, जगात याच्यापेक्षा महाग किंमत नाही. ‘एकच भाव’ची पाटी परवडली, घासाघीस परवडली, पण समजून दे म्हटलं की माणूस संपला. आमचा नळवाला पण समजून द्या म्हणतो. दोनशे दिले की नोटेकडे असा बघतो, जणू तिच्यावर आपला पासपोर्ट फोटो छापलाय. शेवटी मी पाचशे देतो आणि महिनाभर नळाकडे रागाने बघतो. पण तो नळवाला, इथे शकुमावशी. ज्यांच्या घरी लहानपणी तालमीच्या दिवशी मी बोंबील-भाकरी खाल्ली, त्यांना काय समजून देऊ? आईला विचारलं तर ती म्हणाली, कमी दिलेस तर अपमान, जास्त दिलेस तरी अपमान, कारण मग ती भीक होते. म्हणजे या दोन अपमानांच्या मध्ये कुठेतरी एक आकडा आहे आणि तो मी शोधायचा. मी विमा कंपनीत सोळा वर्षं लोकांच्या मोडक्या गाड्यांची भरपाई ठरवतो, पण या सेटपुढे माझी अक्कल गहाण पडली.

मग मी सल्ले घेतले, आणि तिथेच वाट लागली. भंगारवाल्याने सेट नजरेनेच तोलला आणि एकवीसशे सांगितले. शकुमावशींचा नातू सौरभ (तो आता मोबाईलच्या दुकानात आहे, गळ्यात कायम एक हेडफोन असतो पण ऐकतो सगळ्यांचं) त्याने परदेशातल्या कुठल्यातरी साइटवर याच कंपनीचा सेट काढून दाखवला, एक लाख साठ हजार. ‘काका, हे विंटेज आहे, यार.’ मी म्हटलं, अरे, त्या सेटला सहाही पाय आहेत. तर म्हणतो, स्टंपमुळे तर कॅरेक्टर येतं. आपल्याकडे वस्तू घरात असली की जुनी असते, विकायला काढली की विंटेज होते, हे मला त्या दिवशी कळलं. मला या न्यायाने संघमित्राने कधी विंटेज म्हटलेलं नाही. शकुमावशींनी मात्र सौरभकडे बघून एकदाच असे डोळे वटारले की एक लाख साठ हजार तिथल्या तिथे विरघळले.

शेवटी रविवारी नितेश सरांना घेऊन गेलो. माणूस डॉक्टरसारखा. प्रत्येक ड्रमला कान लावला, टिचक्या मारल्या, लाकूड अस्सल आहे म्हणाला, मग स्टंपचे वजा, रबराचे वजा, चिरेचे वजा, टीव्हीच्या खुणांचे वजा करत करत बावीस हजारांवर आला. माझा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात त्याने पेडल मारलं आणि मोठा ड्रम वाजला ढप्प. तांदळाच्या गोणीवर थाप मारल्यासारखा. नितेश सर म्हणाले, आत काहीतरी आहे, सगळेच ड्रमर घालतात, उशी नाहीतर चादर, आवाज मऊ व्हायला. त्यांनी पुढचं तोंड सोडवलं, आत हात घातला आणि एक गोधडी बाहेर काढली.

मामा, इथे पत्र घट्ट धरा.

आई पलंगावर बसली होती, ती उठली. गुडघ्यांना न विचारता उठली. चष्मा पदराला पुसला आणि गोधडीच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. तिथे लाल दोरा संपल्यामुळे शेवटची वीतभर शिलाई हिरव्या दोऱ्याची आहे. आजोबांचं धोतर, आजीचं अंजिरी लुगडं, आणि आईच्या शाळेच्या झग्याचा तुकडा. तुमच्या लग्नात आईने मामींना स्वतः शिवून दिलेली, तिच्या हातची पहिली गोधडी. शकुमावशींना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. त्या सहज म्हणाल्या, ‘ही होय? ही धोंडिरामनेच आणली होती पिशवीतून. आमचे हे ओरडायचे ना, तुझ्या ड्रमपुढे मी गाऊ की बोंबलू, म्हणून.’

आता मी तुम्हाला आठवण करून द्यायला नको, तरी देतो. मामी गेली पस्तीस वर्षं असं समजतात की ती गोधडी आईने गुपचूप परत नेली. प्रत्येक लग्नात, कुणी गेल्यावरच्या प्रत्येक पुण्यानुमोदनात पंगतीत बसल्या बसल्या त्या हवेत बघून म्हणतात, आमची गोधडी ज्यांनी नेली त्यांना ऊब लागो. आणि आई घरी येते आणि भांडी जोरात घासते. तुम्ही तिथेच बाजूला बसलेले असायचात, मठ्ठा पीत. आम्ही समजायचो, मामांना ऐकू येत नाही. आता मला दाट संशय आहे की तुमचे कान ड्रममुळे गेले नाहीत, गोधडीच्या विषयापासून गेले. ड्रमच्या आवाजासाठी नेलीत, ठीक आहे. पण नंतर एक वाक्य बोलायला काय हरकत होती? मला राग आला, मामा, खरंच आला. आईला मात्र आधी हसू आलं आणि मग रडू आलं, आणि शकुमावशी काहीच न कळता तिच्याबरोबर रडल्या, कारण त्यांना रडायला त्या दिवशी स्वतःची कारणं पुष्कळ होती.

असो. मूळ प्रश्न किमतीचा. भंगारवाल्याचे एकवीसशे, संघमित्राचे पंधरा हजार, नितेश सरांचे बावीस, सौरभचे एक लाख साठ. तुम्ही तो सेट अकरा वर्षं वाजवलात, तेव्हा उलट टपाली पोस्टकार्डावर फक्त एक आकडा कळवा. जास्त काही नको. मामींना जय भीम सांगा, कारण सांगू नका.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
प्रबुद्ध

ता.क. : पोस्टकार्डावर चालणार नाही. आत्ताच शकुमावशींचा फोन आला. मी धीर करून बावीस म्हणालो, तर म्हणाल्या, ‘तू सांगशील तो माझ्या अडचणीचा आकडा होईल. धोंडिराम सांगेल तो ड्रमचा. त्याला म्हणावं, ये आणि एकदा वाजवून सांग.’ तेव्हा पुढच्या रविवारच्या आत वाकोल्याला या. नंतर ती खोली नसेल. बावीसच्या वर काय लागेल ते मी बघतो. संघमित्राला मी समजावतो (म्हणजे तुम्ही समजावा).

ता.क. २ : गोधडी काढल्यापासून मोठा ड्रम असा वाजतो की आमच्या सोसायटीत तो आला तर आम्हाला जावं लागेल. म्हणून आईने नवीन गोधडी शिवायला घेतलीय, ही उघड उघड ड्रमसाठी. जुनी धुऊन, उन्हात घालून, घडी करून कपाटात ठेवलीय.

ता.क. ३ : मी खाली तिकिटं आणायला गेलो तेवढ्यात पाकिटावर पत्ता आईने घातला. परत येऊन पाहतो तर नाव आहे ‘आयुष्यमती सुलक्षणा धोंडिराम कसबे’. म्हणजे मामी, हे सगळं तुम्हीच वाचत आहात, आणि मामा बहुधा समोर बसून तुमच्या चेहऱ्यावरून अंदाज घेत आहेत. पहिल्या परिच्छेदातल्या आवाजाबद्दल माफी असावी. मी दुसरं पाकीट आणतो म्हणालो, तर आई सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, राहू दे, पस्तीस वर्षं मी समजून घेतलं, आता तुझ्या मामाला घेऊ दे.