मेणात बुडवलेला आवाज

२ जून
काम लागलं! दादांनी दोन प्रश्न विचारले आणि ठेवून घेतलं. शाळा नववीत सुटली हे मी आधीच सांगून टाकलं, तर म्हणाले, लेका, मला तुझे कान हवेत, मार्कांचा कागद नको. दादा गिटार वाजवतात आणि घराच्या मागच्या खोलीतच रेकॉर्डिंग करतात. मी माइक लावायचे, वायरी गुंडाळायच्या आणि काय कसं वाजलं ते लिहून ठेवायचं. खिशातली ही वही दाखवल्यापासून ते मला मास्तर म्हणतात. राहायला माळा मिळाला आहे. वहिनींनी आल्या आल्या चहा दिला आणि भावजी म्हणून हाक मारली. मला अजून कुणीच भावजी म्हटलं नव्हतं. आईला लगेच कळवलं.

५ जून
खोली छान आहे. ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, एका कपाटाएवढ्या कोठडीत ठेवलेला आहे. कोठडीला आतून चारी बाजूंनी गाद्या ठोकल्या आहेत. वाजताना दार थरथरू नये म्हणून बाहेरून लोखंडी कडी आहे. मी आत जाऊन बेंबीच्या देठापासून ओरडून पाहिलं. वहिनी बाहेर उभ्या होत्या, त्यांना काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. दोघंही खूप हसलो.

लाल गिटार जुनी आहे. तिच्या तारांखालचा पिकअप, म्हणजे तारेचं वेटोळं घातलेला चुंबक, चिरकतो. दादांनी समजावलं की आतलं मेण वाळलं की वेटोळं सैल पडतं, आणि मग पिकअप जवळचं बोलणंही पकडतो. मी तिच्यापाशी तोंड नेऊन आ केलं, हेडफोनमध्ये आ आलं.

वहिनी रोज सकाळी या खोलीतली धूळ पुसतात. गंमत म्हणजे डोक्यावर हेडफोन चढवून पुसतात. मी म्हटलं, तुम्हालाही नाद दिसतो. म्हणाल्या, हो, लग्नापासून.

९ जून
सकाळी दादा आंघोळीला गेले होते. खोलीत मी एकटा. लाल गिटार खुंटीवर होती, वायर लावलेलीच. हेडफोनमध्ये कुणीतरी ओरडलं, भाजलं, दादा, भाजलं. बाहेर डोकावलो. कुणी नाही.

दुपारी मी कोठडीतला माइक बोटभर सरकवला. आवाज नीट बसत नव्हता म्हणून, न विचारता. दादांना पहिल्या सुरालाच कळलं. ते रागावले नाहीत. शांतपणे माझा डावा हात धरला आणि ॲम्पच्या पाठीमागच्या तापलेल्या काचेच्या नळ्यांवर दाबून ठेवला. सोडला तेव्हा कातडी नळीला चिकटून राहिली. म्हणाले, आता माइकची जागा लक्षात राहील. वहिनींनी मलम लावलं, पण मान वर केली नाही.

मी काय ओरडलो ते मलम लावताना आठवलं. पण भाजल्यावर माणूस दुसरं काय ओरडणार?

१२ जून
सकाळी पुन्हा. या वेळी बाईचा आवाज. केस सोडा, पाया पडते, केस सोडा. मग भिंतीवर काहीतरी आपटल्याचा आवाज, परत परत. मी हेडफोन फेकले आणि धावलो, तर वहिनी धूळ पुसून झाल्याबरोबर बहिणीकडे निघून गेल्या होत्या.

दुपारी दादा त्यांना हाका मारत घरभर फिरले. मग स्वयंपाकघरातली मांडणी ओढून पाडली आणि फुटलेल्या कपबशांवर बूट घालून नाचले. वहिनी आल्या तोवर ते थंड झाले होते. वहिनींचे केस जागच्या जागी. माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे त्या आवाजात काही तथ्य नाही. नुसता बिघाड. आणि बिघाड दुरुस्त करता येतो.

१४ जून
केला दुरुस्त. पातेल्यात पाणी, पाण्यात डबा, डब्यात मेण. थेट आचेवर ठेवलं तर वेटोळं जळतं. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत पिकअप बुडवून ठेवला. भाजलेल्या हाताने केलं, पण थेंब सांडला नाही. आता फक्त तारा वाजतात. दादांनी पाठ थोपटली. म्हणाले, मास्तर, हात चांगला आहे तुझा, भाजला तरी.

वहिनींनी हेडफोन चढवले. वायर काढून परत लावली. मग मेणाचा डबा दिसला आणि त्या तिथेच जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, भावजी, हे काय करून बसलात. दिवसभरात काय होणार ते मला सकाळीच ऐकू यायचं. ज्या दिवशी माझं ओरडणं ऐकू येई, त्या दिवशी मी घरात थांबत नसे. एवढ्यावर जगले मी.

१५ जून
आज काही कळलं नाही आधी. चहात साखर कमी पडली. दादांनी माइकचा स्टँड उचलला आणि — वहिनींचा उजवा हात कोपराखाली उलटा वळला आहे. हाड बाहेर आलं आहे. मी मध्ये पडलो. माझे समोरचे दात गेले. डॉक्टरकडे नेतो म्हणालो, तर बाहेरच्या दाराला कुलूप. वहिनी कण्हत एकच सांगतात, मेण काढा भावजी, मेण काढा.

१६ जून
कोठडीत बसून ब्लेडने खरवडतो आहे. इथे आवाज बाहेर जात नाही. वेटोळ्याची तार केसापेक्षा बारीक. तुटली की संपलं. हळू. हळू —

कडी. बाहेरून कडी घातली दादांनी. दार लोटता लोटता म्हणाले, आधी तिचं आटपतो, मग तुझे कान —

ओरडण्यात अर्थ नाही. मीच पाहिलं आहे ओरडून.

गाद्यांतून काही येत नाही. वहिनी —

गिटार, ॲम्प, हेडफोन, सगळं आत आहे. वायर लावली. खरखर. मेण अजून आहे. आणखी खरवडलं —

आलं. बाईचा आवाज नाही. माझाही नाही.

दादांचा.

म्हणतात, मास्तर, पुरे. मास्तर, पाया पडतो. रडतात. मग ओलं काहीतरी आपटतं. परत. परत. त्यांचा आवाज थांबल्यावरही आपटतच राहतं —

कोठडीतल्या माइकच्या स्टँडचं लोखंडी बूड फिरवून काढलं. जड आहे. अक्षर नीट येतं आहे.

कडी सरक